परतून येणारे दान



आपला नरखेड तालुका संत्र्यांसाठी ओळखला जातो. पण संत्र्यांच्या बागांइतकीच आपल्याला जवळची आहेत ती कापसाची शेते. दिवाळीच्या सुमारास शेतात बोंडे फुटू लागतात. बायामाणसे ओटीत कापूस वेचतात. घराच्या एका कोपऱ्यात पांढऱ्या कापसाचा ढीग लागतो. त्या ढिगावर उड्या मारल्याबद्दल तुमच्यापैकी अनेकांनी मोठ्यांची बोलणी खाल्ली असतील!

या कापसाचे पुढे काय होते? त्याचे सूत होते, सुताचे कापड होते, हे तुम्हांला ठाऊक आहे. पण याच कापसातून मिळालेल्या पैशाने कधीकाळी गरीब घरांतील हुशार मुले आणि मुली आगबोटीत बसून विलायतेला शिकायला गेली, हे तुम्हांला माहीत आहे का? ज्या माणसाने हे घडवून आणले त्याचे नाव जमशेटजी नसरवानजी टाटा. त्यांचीच गोष्ट आज आपण वाचणार आहोत.

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी गुजरातमधील नवसारी या गावी झाला. त्यांचे घराणे पारशी धर्मगुरूंचे होते. अग्यारीत पूजापाठ करणे हा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवसाय. पण वडील नसरवानजी यांनी ही वाट सोडली. त्यांनी मुंबईला जाऊन व्यापार सुरू केला. मुलगा हुशार आहे, हे त्यांच्या लक्षात आले होते. म्हणून त्यांनी जमशेटजींना वयाच्या चौदाव्या वर्षाच्या सुमारास मुंबईला बोलावून घेतले आणि पुढे एल्फिन्स्टन कॉलेजात घातले. १८५८ साली जमशेटजींचे तेथील शिक्षण पूर्ण झाले. त्यांना वाचनाची फार गोडी होती. ही गोडी त्यांनी जन्मभर जपली.

शिक्षण संपल्यावर ते वडिलांच्या व्यापारात शिरले. १८५९ साली ते हाँगकाँगला गेले. पुढे कापसाच्या व्यापारासाठी त्यांना इंग्लंडला जावे लागले. त्या वेळी अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. अमेरिकेचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला होता. त्यामुळे हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचे मोल आले. मुंबईचे व्यापारी रातोरात श्रीमंत झाले. पण १८६५ साली ते युद्ध संपले आणि कापसाचे भाव कोसळले. मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या. टाटांच्या पेढीवरही संकट आले.

जमशेटजी तेव्हा लंडनमध्ये होते. वय अवघे सव्वीस. घर दूर, देणेकरी दारात. अशा वेळी अनेकजण तोंड लपवतात. जमशेटजींनी तसे केले नाही. ते स्वतः देणेकऱ्यांसमोर गेले आणि पेढीची खरी परिस्थिती त्यांनी मोकळेपणाने सांगितली. त्यांचा प्रामाणिकपणा पाहून देणेकऱ्यांनी पेढीचा व्यवहार मिटवण्याचे काम त्यांच्यावरच सोपवले. मित्रांनो, ही गोष्ट नीट लक्षात ठेवा. कर्ज म्हणजे काय आणि ते फेडण्यात माणसाची अब्रू कशी असते, हे जमशेटजी पुस्तकातून नव्हे, अनुभवातून शिकले होते. पुढे त्यांनी विद्यार्थ्यांसाठी जी योजना आखली, तिच्यात हाच अनुभव उपयोगी पडला असेल, असे मला नेहमी वाटते.

१८६८ साली जमशेटजींनी एकवीस हजार रुपये भांडवलावर आपली स्वतंत्र पेढी सुरू केली. दुसऱ्याच वर्षी मुंबईत चिंचपोकळी येथील एक बंद पडलेली तेलाची गिरणी त्यांनी विकत घेतली आणि तिची कापड गिरणी केली. दोन वर्षांनी ती नफ्यात विकली. मग ते पुन्हा इंग्लंडला गेले. लँकेशायरमधील कापड गिरण्या त्यांनी बारकाईने पाहिल्या. तेव्हा त्यांच्या मनात एक प्रश्न उभा राहिला. कापूस पिकतो आपल्याकडे. तो बैलगाडीने, आगगाडीने मुंबईला जातो. तेथून आगबोटीने सात समुद्रांपलीकडे जातो. तेथे त्याचे कापड होते आणि तेच कापड पुन्हा आपल्याकडे येऊन महाग विकले जाते. मग जेथे कापूस पिकतो तेथेच गिरणी का काढू नये?

त्या काळी बहुतेक गिरणीमालक मुंबईत गिरण्या काढत. जमशेटजींनी मात्र नागपूर निवडले. त्याची कारणे त्यांनी पक्की तपासली होती. नागपूर-वऱ्हाडच्या काळ्या मातीत उत्तम कापूस पिकत होता. १८६७ साली रेल्वे नागपूरपर्यंत आली होती. वरोऱ्याचा दगडी कोळसा जवळ होता. पाणी होते आणि जमीन स्वस्त होती. १८७४ साली त्यांनी पंधरा लाख रुपये भांडवलाची कंपनी स्थापन केली. नागपूरच्या जुम्मा तलावाजवळची जागा ठरली. या तलावाला आज गांधीसागर म्हणतात. नागपूरचे लोक त्याला शुक्रवारी तलाव असेही म्हणतात. जुम्मा म्हणजेच शुक्रवार, हे तुम्हांला सांगायला नकोच!

ही जागा दलदलीची होती. तेथे प्रथम मातीची भर घालावी लागली. नागपूरच्या एका सावकाराकडे या कामासाठी पैसा मागितला, तेव्हा त्याने चक्क नकार दिला. सोने मातीत गाडणाऱ्या माणसाला पैसे कोण देणार, असे त्याला वाटले. पुढे गिरणी भरभराटीला आली. तेव्हा त्याच सावकाराने आपली चूक कबूल केली. या माणसाने सोने मातीत घातले नाही, तर माती घालून सोने काढले, हे त्याला पटले.

१ जानेवारी १८७७ रोजी गिरणी सुरू झाली. त्याच दिवशी राणी व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर करण्यात आले. म्हणून गिरणीचे नाव पडले एम्प्रेस मिल. सुरुवातीची वर्षे सोपी नव्हती. स्वस्तात घेतलेली यंत्रे नीट चालेनात. मालही चांगला निघेना. जमशेटजींनी चूक मान्य करून यंत्रे बदलली. नव्या पद्धतीच्या चात्या आणल्या. त्यांना बेझनजी दादाभाई मेहता हे कर्तबगार व्यवस्थापक लाभले. हळूहळू एम्प्रेस मिलचे नाव देशभर झाले.

नागपूरचा उन्हाळा कसा असतो, ते तुम्ही जाणता. गिरणीत तर यंत्रांची उष्णता वेगळीच. जमशेटजींनी गिरणीत हवा खेळती राहील अशी व्यवस्था केली. हवेत ओलावा ठेवणारी यंत्रे बसवली. आग लागल्यास आपोआप पाणी शिंपडणारी साधने आणली. १८८६ साली त्यांनी कामगारांसाठी निवृत्तिवेतनाचा निधी सुरू केला. १८९५ पासून अपघातात जायबंदी झालेल्या कामगारांना भरपाई मिळू लागली. त्या काळी असे करा म्हणून सांगणारा कोणताही कायदा नव्हता.

आता आपण मूळ विषयाकडे येऊ.

गिरणी चालवताना जमशेटजींना एक गोष्ट सतत टोचत असे. यंत्रे परदेशांतून आणावी लागत. ती बसवणारे आणि चालवणारे तज्ज्ञही परदेशांतून आणावे लागत. रुग्णालयांत मोठे डॉक्टर इंग्रज, पूल बांधणारे इंजिनिअर इंग्रज, जिल्ह्याचा कलेक्टर इंग्रज. आपल्या मुलांत बुद्धी नव्हती, असे नाही. पण उच्च शिक्षणाची सोय येथे फार थोडी होती. सनदी नोकरीची परीक्षा तर फक्त लंडनमध्ये होत असे. ती द्यायची तर आगबोटीचे भाडे हवे, विलायतेत राहण्याचा खर्च हवा, पुस्तके आणि गरम कपडे हवेत. सामान्य घरातील मुलाने एवढा पैसा आणायचा कोठून? म्हणजे परीक्षा सर्वांसाठी खुली होती, पण तिच्या दारापर्यंत जाणारी वाट फक्त श्रीमंतांसाठी होती.

जमशेटजींनी विचार केला. दान दोन प्रकारचे असते. भुकेल्याला अन्न द्यावे, उघड्याला वस्त्र द्यावे, आजाऱ्याला औषध द्यावे, हे एक दान. ते आवश्यकच आहे. पण देशातील जी सर्वांत हुशार मुले केवळ पैशाअभावी मागे राहतात, त्यांना वर उचलणे हेही दान आहे. असा एक मुलगा डॉक्टर झाला, तर तो हजारो आजाऱ्यांना बरे करील. एक मुलगी शिकली, तर ती अनेक घरांत उजेड नेईल. राष्ट्राला पुढे न्यायचे असेल, तर या दुसऱ्या दानाची फार गरज आहे, असे त्यांचे मत झाले.

म्हणून १८९२ साली त्यांनी एक निधी स्थापन केला. तो जे. एन. टाटा एन्डाउमेंट या नावाने ओळखला जातो. उच्च शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्या हुशार विद्यार्थ्यांना या निधीतून मदत मिळू लागली. गंमत अशी की पहिल्या काही विद्यार्थ्यांत एक स्त्री होती. तिचे नाव फ्रेनी कामा. ती डॉक्टर होती आणि स्त्रियांच्या आजारांचे उच्च शिक्षण घेण्यासाठी ती परदेशी गेली. विचार करा! ज्या काळात मुलींना शाळेत घालायलाही लोक कचरत होते, त्या काळात जमशेटजींच्या पैशाने एक मुलगी समुद्र ओलांडून शिकायला गेली.

या योजनेत एक वेगळेपण होते. जमशेटजींनी हा पैसा फुकट वाटला नाही. तो कर्ज म्हणून दिला. विद्यार्थ्याने परदेशी शिकावे, परत येऊन कमवावे आणि मग घेतलेली रक्कम निधीला परत करावी, असा नियम ठेवला.

तुमच्यापैकी कोणी विचारील, एवढा श्रीमंत माणूस! त्याने पैसे परत का मागावेत? हे कसले दान?

हा प्रश्न योग्य आहे. एकदा वर्गात हाच धडा समजावताना एका मुलीने मला तो विचारलाही होता. मी तिला विहिरीचे उदाहरण दिले. समजा, गावात पाण्याचा एक मोठा हौद आहे. प्रत्येकजण येतो, पाणी नेतो. काही दिवसांत हौद कोरडा पडतो. मागून येणारे तहानलेले राहतात. विहिरीचे तसे नसते. तिला झरा असतो. उपसा केला तरी पाणी पुन्हा भरते. जमशेटजींना हौद बांधायचा नव्हता, विहीर खोदायची होती. पहिल्या विद्यार्थ्याने परत केलेल्या पैशातून दुसरा शिकतो. दुसऱ्याच्या पैशातून तिसरा शिकतो. दाता मरण पावला तरी दान जिवंत राहते. आपल्याकडे सदका-ए-जारिया म्हणतात, त्याची तुम्हांला येथे आठवण होईल. मरणानंतरही ज्याचे पुण्य चालू राहते असे ते काम.

दुसरे कारण मनाशी संबंधित आहे. फुकट मिळालेल्या मदतीने कधी कधी माणसाची मान खाली जाते. आपण कोणाच्या तरी उपकारावर शिकलो, ही भावना त्याला टोचत राहते. पण कर्ज घेऊन ते फेडणारा विद्यार्थी ताठ मानेने जगतो. एवढेच नव्हे, तर आपण परत केलेल्या पैशावर आणखी कोणी शिकणार आहे, हे त्याला ठाऊक असते. घेणारा स्वतःच देणारा होतो. हा पैसा त्याच्या हातात मागून येणाऱ्या विद्यार्थ्याची अमानत असतो.

या विहिरीचे पाणी किती दूरवर गेले ते पाहा. १९२४ सालापर्यंत अशी स्थिती आली की सनदी सेवेत येणाऱ्या दर पाच भारतीयांपैकी दोघेजण टाटांच्या निधीतून शिकलेले असत. केरळमधील उझवूर या खेड्यात एका गरीब दलित कुटुंबात जन्मलेला एक मुलगा रोज मैलोगणती पायी चालत शाळेत जात असे. त्याच्याजवळ फी भरायलाही पैसे नसत. पुढे याच निधीच्या मदतीने तो लंडनला अर्थशास्त्र शिकायला गेला. तो मुलगा म्हणजे के. आर. नारायणन. १९९७ साली ते भारताचे राष्ट्रपती झाले. अणुशास्त्रज्ञ राजा रामण्णा हे टाटांचे शिष्यवृत्तीधारक होते. कोल्हापूरला जन्मलेले आणि मराठीतून विज्ञानकथा लिहिणारे खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर हेही १९५७ साली केंब्रिजला गेले ते टाटा शिष्यवृत्ती मिळवून. परत आल्यावर त्यांनी पुण्यात खगोलशास्त्राची मोठी संस्था उभारली. २०२५ साली त्यांचे निधन झाले. १८९२ पासून आजपर्यंत पाच हजारांहून अधिक विद्यार्थ्यांना या निधीचा लाभ झाला आहे. निवड होताना जात किंवा धर्म पाहिला जात नाही. गुणवत्ता पाहिली जाते.

जमशेटजी एवढ्यावर थांबले नाहीत. निवडक मुले परदेशी पाठवणे पुरेसे नाही, परदेशांत मिळते तसे शिक्षण येथेच मिळाले पाहिजे, असे त्यांना वाटू लागले. त्यांनी आपले सहकारी बर्जोरजी पादशा यांना परदेशांतील विद्यापीठे पाहून येण्यासाठी पाठवले. १८९८ साली त्यांनी संशोधनाचे विद्यापीठ काढण्यासाठी आपली तीस लाख रुपयांची मालमत्ता देऊ केली. ही त्यांच्या संपत्तीचा सुमारे अर्धा भाग होती. संस्थेला आपले नाव द्यावे, अशी त्यांची अट नव्हती. पण सरकारला शंका होती. एवढे उच्च शिक्षण घ्यायला विद्यार्थी येतील का, शिकून त्यांना नोकऱ्या मिळतील का, असे प्रश्न व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांना पडले. कागद इकडून तिकडे फिरत राहिले. वर्षांमागून वर्षे गेली.

याच काळात जमशेटजींच्या मनात पोलादाचा कारखाना आणि पाण्यापासून वीज ही आणखी दोन मोठी स्वप्ने होती. पोलादाच्या स्वप्नाशीही आपल्या विदर्भाचा संबंध आहे. चांदा जिल्ह्यातील लोहारा येथील लोखंडाच्या खनिजाविषयीचा एक अहवाल त्यांनी १८८२ साली वाचला आणि तेव्हापासून हा विचार त्यांच्या मनात घर करून राहिला. पुढे त्यांचे पुत्र दोराबजी नागपूरच्या संग्रहालयात सहज शिरले असता त्यांना तेथे भूगर्भाचा एक नकाशा दिसला. त्यावर दुर्ग जिल्ह्यातील लोखंडाच्या खुणा होत्या. त्या नकाशाने शोधाला नवी दिशा दिली.

पण जमशेटजींना ही स्वप्ने पुरी झालेली पाहायला मिळाली नाहीत. १९ मे १९०४ रोजी जर्मनीतील बाड नौहाइम या गावी त्यांचे निधन झाले. इंग्लंडमधील ब्रुकवुड येथे त्यांचे दफन झाले. वडिलांनी मागे ठेवलेले काम दोराबजी आणि रतनजी या मुलांनी हाती घेतले. म्हैसूर संस्थानाने बंगलोर येथे ३७१ एकर जमीन दिली. १९०९ साली भारतीय विज्ञान संस्थेला सरकारी मंजुरी मिळाली. बंगलोरचे लोक तिला टाटा इन्स्टिट्यूट म्हणत. नाव मागितले नव्हते, ते लोकांनीच दिले. १९१२ साली जमशेदपूरला पोलाद तयार झाले. १९१५ साली सह्याद्रीतील पाण्यावर तयार झालेली वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली.

मित्रांनो, ज्या एम्प्रेस मिलने हे सारे वैभव उभे केले, ती मात्र आज उरलेली नाही. तिच्या भोंग्यावर कधीकाळी अर्धे नागपूर उठत असे. बदलत्या काळात कापड गिरण्या अडचणीत आल्या आणि एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला एम्प्रेस मिलही कायमची बंद पडली. हजारो कामगारांच्या घरांनी त्याचे दुःख भोगले. आज त्या जागी मोठमोठ्या नव्या इमारती आहेत. यंत्रे गेली, धुराडी गेली. पण १८९२ साली सुरू झालेला निधी अजून चालू आहे. विटांच्या भिंती पडतात. माणसांवर खर्च केलेला पैसा पुढच्या पिढ्यांत उरतो.

तुमच्यापैकी कोणाला वाटेल, ही सारी मुंबई-पुण्याच्या मुलांची गोष्ट आहे. आपण उर्दू शाळेत शिकणारी, नरखेडसारख्या तालुक्यातली मुले. आपला या गोष्टीशी काय संबंध? संबंध आहे. उझवूर हे नरखेडपेक्षा मोठे गाव नव्हते. तेथून पायी शाळेत जाणाऱ्या मुलाची मातृभाषाही इंग्रजी नव्हती. त्याने आधी अभ्यास केला, मग दार ठोठावले. अशी मदत घरी चालत येत नाही. तिच्यासाठी पदवीपर्यंत चांगले गुण मिळवावे लागतात, वेळेवर अर्ज करावा लागतो, मुलाखतीला धीटपणे उत्तरे द्यावी लागतात. त्यासाठी मातृभाषेबरोबर मराठी, हिंदी, इंग्रजी या भाषाही मन लावून शिकाव्या लागतात. मदत घेण्यात कमीपणा नाही. मदत विसरण्यात कमीपणा आहे.

पुढच्या वेळी शेतात कापूस वेचताना जमशेटजींची आठवण ठेवा. त्या एका बोंडाचे सूत किती लांब गेले होते, ते आठवा. आणि उद्या तुम्ही शिकून मोठे झालात, कोणाच्या मदतीने कोठे तरी पोहोचलात, तर मागे वळून पाहा. तुमच्या मागे विहिरीवर आणखी कोणी तरी रिकामी घागर घेऊन उभे असेल.